खाल्लं नाही, पेलो नाही

माझी सून रंजिता डॉक्टर आहे, हे मी कुणालाही पहिल्या दोन वाक्यांत सांगते. तिसऱ्या वाक्यात सांगते की भाजीत मीठ किती घालावं ते तिला कळत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगायचा मला हक्क आहे, कारण चौदा वर्षं ती भाजी मी खाते आहे.

ती बपेऱ्याची. म्हणजे घराबाहेर चार पावलं जास्त टाकली की मध्य प्रदेश. राग आला की अजून हिंदीत बोलते आणि तिला वाटतं आम्हाला कळत नाही. आमचं घर साकोलीतलं, कोष्ट्यांचं. घरातले माग गेले, साड्यांचं दुकान राहिलं, ते माझा मुलगा अनुप सांभाळतो. मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत मराठी शिकवलं. बोलायला लागले की मी इथल्यासारखीच बोलते, पण लिहायला बसले की एकही वेलांटी चुकू देत नाही. हे का सांगते ते पुढे येईलच, आणि सांगताना मला आनंद होणार नाही.

रंजिताचा दवाखाना एकोडीला आहे. साकोलीत हायवेवर दर दहा पावलांना डॉक्टरची पाटी असताना ही खेड्यात का जाते, असं मी लग्नानंतर लगेच विचारलं होतं.

"आई, साकोलीत पेशंट डॉक्टर निवडते. एकोडीले मी एकटीच आहो, मलेच निवडा लागते," ती म्हणाली.

असं उत्तर देणाऱ्या बाईशी भांडण कसं करायचं? तेव्हापासून ती रोज सकाळी स्कूटीवरून जाते आणि हेल्मेटच्या आत काहीतरी पुटपुटत जाते. गेल्या वर्षी ती औषधांची नावं पुटपुटत होती, कारण वयाच्या अडतिसाव्या वर्षी बाईसाहेबांनी पुन्हा शाळेत नाव घातलं होतं.

शाळा मोबाईलवरची. मधुमेहाच्या उपचाराचा एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, डॉक्टरांसाठीच, आणि म्हणे घरबसल्या. घरबसल्या म्हणजे घरात ती एकटी बसायची आणि बाकी आम्ही सगळे पाय न वाजवता उभे. गुरुवारी संध्याकाळी सात ते साडेआठ कुकरला शिट्टी बंदी, टीव्हीला बंदी, मला खोकायला बंदी. शिकवणारे सर दक्षिणेकडचे कुठले तरी होते. पडद्यावर त्यांचं कपाळच जास्त दिसायचं. पण आवाज गोड, आणि कुणाला "चूक" म्हणायचे नाहीत. "आपण याकडे पुन्हा बघू या" असं म्हणायचे. तीस वर्षं मी पोरांना जे म्हणत आले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

या अभ्यासाचा पहिला बळी माझे यजमान, मधुकरराव. त्यांना अकरा वर्षांपासून शुगर आहे आणि अकरा वर्षांपासून ते पूजेच्या खोलीत गूळ खातात. देवाला दाखवायचा म्हणून आणतात, देव नको म्हणतो. पूर्वी रंजिता त्यांना पकडायची, हिंदीत तासायची आणि विषय संपायचा. पण अभ्यासक्रमात शिकवलं होतं की रुग्णाला दोष द्यायचा नाही, त्याला विचार करू द्यायचा. त्या आठवड्यात तिनं त्यांना गुळासकट पकडलं, समोर पाट घेऊन बसली आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, तुमाले स्वतःले काय बदलवता येईल, असं वाटते?"

मधुकरराव घाबरून स्वयंपाकघरात आले. "विमले, तिले सांग ना, मले शिव्या दे. आता रातभर विचार करा लागते!"

गूळ मात्र खरंच कमी झाला. मी हे रंजिताला सांगितलं नाही. जास्त कौतुक केलं की तिच्या भाजीत मीठ आणखी वाढतं.

वर्षाच्या शेवटी परीक्षा होती. एक खरा रुग्ण घ्यायचा, बारा आठवडे त्याला सांभाळायचं, दर आठवड्याची उपाशीपोटीची शुगर लिहायची आणि शेवटी रुग्णाला कॅमेऱ्यासमोर बसवून सरांना सगळं सांगायचं. रंजितानं निवडला इतवारी. एकोडीचा ढिवर, पन्नाशीचा, तलावात मासे धरणारा. पहाटे पाचला पाण्यात उतरायचा, छातीभर पाण्यात जाळं लावायचा, आठला बाहेर यायचा आणि त्याची बायको सखाबाई मासे घेऊन बाजाराला जायची. पायाचा एक घाव दोन महिने भरेना म्हणून तो दवाखान्यात आला आणि तिथे त्याची शुगर निघाली.

तपासणीचा तक्ता इंग्रजीत होता. रंजितानं तो माझ्यापुढे टाकला. "आई, याचं मराठी करून द्या. शुद्ध पायजे."

शुद्ध म्हटल्यावर मी चष्मा पुसला. त्यात पहिलाच प्रश्न लांबलचक होता. काल रात्रीपासून रुग्णाने पाण्याखेरीज काही अन्न किंवा पेय घेतले आहे का, असा. एवढ्या लांब वाक्यात माणसाचा दम जातो. मी "पाण्याखेरीज" काढलं, "अन्न किंवा पेय" काढलं आणि दोन सुटसुटीत प्रश्न केले. काही खाल्ले का? काही प्यालात का? स्वच्छ प्रत काढताना रंजितानं "पिलात" लिहिलं, तेही मी लाल शाईनं दुरुस्त केलं. मला स्वतःचाच फार अभिमान वाटला, हे कबूल करते.

पहिल्या तपासणीचा किस्सा रंजिता घरी येऊन हसत हसत सांगत होती. इतवारी सकाळी नऊला, तलावावरून परतल्यावर आला. तिनं विचारलं, "इतवारीभाऊ, काही खाल्लं का?"

"नाई बाई. तुमी सांगतलं ना, खाऊ नोका. दाना नाई टाकलो तोंडात."

"काही पेलात का?"

इतवारीनं दोन्ही हात कानाला लावले. "अजी बाई, सकाऊन सकाऊन? मी त्यातला नाई!"

सखाबाई तर भांडायलाच उठली. "आमच्या पोरीचं, खुशबूचं लगन जमलं तईपासून सोडली जी त्याइनं. कोणं सांगतलं तुमाले? कोणाचं नाव घेतलं?"

रंजितानं माफी मागितली आणि तक्त्यात दोन्हीकडे "नाही" लिहिलं. खाली मद्यपानाच्या रकान्यातही "नाही" लिहिलं. पुढच्या आठवड्यापासून तो दुसरा प्रश्न तिनं विचारलाच नाही. सज्जन माणसाला दर सोमवारी दारू प्यालास का म्हणून कोण विचारील? आम्ही सगळे हसलो. मी सर्वांत जास्त हसले.

उपाशीपोटीची शुगर निघाली दोनशे बारा. गोळी सुरू झाली. चार आठवड्यांनी एकशे अठ्ठ्याण्णव. गोळी वाढवली. आठव्या आठवड्यात दोनशे वीस. रंजितानं सरांना विचारलं, सरांनी तक्ता पाहिला, संध्याकाळची दुसरी गोळी जोडली. दहाव्या आठवड्यात दोनशे पाच. हा मनुष्य दिवसभर उन्हातान्हात राबतो, दारू नाही, गोड नाही, भात अर्धा केलेला, गोळ्या वेळेवर, आणि सकाळी काही न खाता शुगर दोनशेच्या वर. सर म्हणाले, आता इन्सुलिन.

त्या आठवड्यात रंजिता भाजीत मीठच टाकायला विसरली. मधुकररावांनी ती आनंदानं खाल्ली, पण मला ते बरं लक्षण वाटलं नाही.

"काहून गं, काय झालं?" मी विचारलं.

"आई, इन्सुलिन देल्यावर कधी कधी शुगर एकदम उतरते. हात कापते, डोळ्यापुढे अंधारी येते. तुमी-आमी जमिनीवर पडू, कोणी उचलन. तो छातीभर पाण्यात एकटा रायते."

"मंग नोको देऊ."

"नाई देलं तं पाय जाते त्याचा. आज घाव आहे, उद्या कापा लागन." ती ताटाकडे बघत बसली. "मी त्याले म्हटलं, पाण्यात जाणं सोडा. तो म्हणे, बाई, मंग खाऊ काय, तुमची गोळी?"

त्यानंतर दोन दिवस ती कुणावरही हिंदीत ओरडली नाही. मला काळजी वाटली. खरं सांगते, परीक्षेची नाही, तिची.

परीक्षा रविवारी सकाळी साडेनऊला होती. फोन धरायला माणूस हवा म्हणून तिनं मला स्कूटीवर मागे बसवून एकोडीला नेलं. इन्सुलिनचं पेन सोबत होतं. इतवारीच्या घरी फ्रिज नाही, म्हणून पाण्यानं भरलेल्या मडक्यात दुसरं छोटं मडकं आणि त्यात पेन, असं सगळं तिनं सखाबाईला शिकवून ठेवलं होतं. सरांनी हो म्हटलं की दुसऱ्या दिवसापासून सुरू.

दवाखान्यात इतवारी खुर्चीवर बसला होता. तलावावरून येऊन त्यानं अंग धुतलं होतं आणि लग्नाला घालायचा सदरा घातला होता. मी फोन धरला. पडद्यावर सरांचं कपाळ आलं, मागे आणखी चाळीस डॉक्टरांच्या चौकटी. रंजितानं इंग्रजीत सुरुवात केली. छान बोलत होती. मला अर्धंच कळत होतं, पण पोर धडा पाठ करून आली की नाही हे मास्तरणीला भाषेशिवायही कळतं. पायाचा घाव सांगितला, गोळ्या सांगितल्या, बारा आठवड्यांचे आकडे दाखवले. आज सकाळचाही आकडा होता. उपाशीपोटी, दोनशे आठ.

तेवढ्यात मागचा पडदा सरकला आणि सखाबाई आत आली. हातात कडीचा डबा, त्यावर झाकण, दुसऱ्या हातात पितळी गडवा. फोनकडे, माझ्याकडे, चाळीस डॉक्टरांकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

"किती वेळ बसवून ठेवता जी त्याइले? पेज थंडी होऊन राहिली." आणि तिनं गडवा भरून नवऱ्याच्या हातात दिला.

इतवारी कॅमेऱ्याकडे बघून लाजत हसला आणि घटाघट पेज प्यायला लागला.

पेज म्हणजे आमच्याकडे काय, हे झाडीपट्टीतल्या माणसाला सांगायला नको. तांदळाच्या कण्या भरपूर पाण्यात शिजवायच्या, चिमूटभर मीठ. शेतावर जाताना, तलावावर जाताना, येताना, तहान लागली तरी आणि भूक लागली तरी. पण पेज कुणी खात नाही. खाणं म्हणजे भात. पेज पितात. आणि "काही पेलात का" असं कुणी विचारलं तर त्यात पेज येत नाही, त्यात येते दारू. खाल्लंमध्ये बसत नाही, पेलोमध्ये बसत नाही. माझ्या दोन सुटसुटीत प्रश्नांच्या मधल्या फटीतून तो गडवा बारा आठवडे रोज सकाळी गेला होता. ती फट मी पाडली होती. लाल शाईनं.

सरांनी चष्मा वर केला. रुग्ण काय घेतो आहे, असं त्यांनी विचारलं. तो उपाशी आहे ना?

रंजिता गडव्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग कानापासून लाली चढायला लागली.

मी फोनच्या मागे होते. मी कुजबुजले, "पानी आहे म्हन." हो, मी. तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारणारी मी. वर्षभराची शिट्टीबंदी मला आठवली, तिचे जागून लाल झालेले डोळे आठवले आणि माझ्या तोंडून ते निघालं.

रंजितानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती इतवारीसमोर उकिडवी बसली. "इतवारीभाऊ, आज सकाळपासून पेज किती वेळा पेलात?"

"हे धरून तीनदा. तलावात उतराच्या आंदी दोन गडवे, वापस आलो का एक, आन् हा एक."

"रोज?"

"रोज ना बाई. पेजेबिगर पान्यात कोन उतरन?"

"मंग मी विचारलं तईं सांगतलं काहून नाई?"

इतवारी गोंधळला. "तुमी पेजेचं कईं विचारलं?"

रंजिता उठली, फोनसमोर आली आणि इंग्रजीत म्हणाली की सर, ही तांदळाची पेज आहे. सरांचा चेहरा एकदम उजळला. कंजी! त्यांच्याकडेही करतात म्हणे, आजारात त्यांची आई द्यायची. मग त्यांना स्वतःलाच आठवलं की आपण परीक्षा घेतो आहोत. त्यांनी विचारलं, मग उपाशीपोटीचे आपल्याकडे खरे आकडे किती?

"झीरो, सर," रंजिता म्हणाली.

सरांनी तक्ता बाजूला ठेवला. मग म्हणाले, आपण याकडे पुन्हा बघू या. म्हणजे केस रद्द, तीन महिन्यांनी नव्यानं. इन्सुलिन थांबवा.

फोन बंद झाल्यावर मी म्हटलं, "चुकी माही आहे. तो 'पाण्याखेरीज' शब्द मीच काढला." तिचं लक्षच नव्हतं. ती इतवारीला दुसरंच विचारत होती. पाण्यात कधी हात कापतात का? चक्कर येते का?

"येते ना," इतवारी म्हणाला. "दिवाळीपासून येऊन राहिली. जाग आली का हातपाय कापते, घाम सुटते. मले वाटलं, थंडी. पन दोन गडवे पेज पेलो का सप्पा बंद. पयले एकच पेत होतो, आता दोन लागते."

दिवाळीनंतरच दुसरी गोळी सुरू झाली होती. रंजितानं खुर्चीची पाठ धरली. मला तेव्हा काही कळलं नव्हतं. मला अजून परीक्षाच दिसत होती.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी ती मशीन घेऊन निघाली. मी मागे बसले. तिनं नको म्हटलं नाही. इतवारीला तिनं आदल्या दिवशीच बजावलं होतं, मी येईपर्यंत पेजसुद्धा नाही. तलावाच्या पाळीवर तो जाळं खांद्यावर घेऊन उभा होता. सखाबाई डबा घेऊन शेजारी. मी बॅटरीचा उजेड धरला. रंजितानं त्याचं बोट हातात घेतलं, तेव्हा ते बोट थरथरत होतं. अंगावरची बनियन घामानं भिजलेली, आणि ती मार्गशीर्षातली पहाट होती.

मशीनवर आकडा आला. अठ्ठावन्न.

अठ्ठावन्न म्हणजे काय, हे मला तिच्या तोंडाकडे बघून कळलं. दोन-दोन गोळ्यांनी या माणसाची शुगर रोज पहाटे तळाला जात होती आणि तो पेज पिऊन ती वर काढत होता आणि पाण्यात उतरत होता. आम्ही नऊ वाजता ती पेज मोजत होतो आणि गोळी वाढवत होतो. आज याच वेळी त्याला सुई लागायची होती. आणि सरांच्या तक्त्याप्रमाणे शुद्ध उपाशी राहिला असता, एक दिवस जरी डॉक्टरीणबाईचं अक्षरशः ऐकलं असतं, तर त्याच अवस्थेत तो छातीभर पाण्यात गेला असता.

रंजितानं सखाबाईच्या हातातला डबा घेतला, स्वतः गडवा भरला आणि इतवारीच्या तोंडाला लावला. तो प्यायला. दुसरा भरला. तोही प्यायला. हात थांबायला थोडा वेळ लागला. तोवर आम्ही तिघीही त्याच्या हातांकडेच बघत होतो.

मग त्यानं तोंड पुसलं आणि सहज विचारलं, "बाई, म्हंजे मी तुमचं बराबर आयकलो असतो तं बुडलो असतो का?"

तिला पुष्कळ काही बोलता आलं असतं. अभ्यासक्रमात अशा वेळी बोलायची वाक्यंही शिकवली होती, मी ती दाराआडून ऐकली आहेत.

"हाव," रंजिता म्हणाली.

इतवारीनं जरा विचार केला. "मंग मी नाई आयकलो थे बरं झालं," तो म्हणाला आणि हसला. रंजिता मात्र पाळीवर खाली बसली आणि रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. चौदा वर्षांत असा पहिल्यांदाच ठेवला असेल, आणि त्याची मला लाज वाटली.

थोड्या वेळानं तिनं नाक पुसलं आणि त्याला बजावलं की आज पाण्यात जायचं नाही, आज घरीच बसायचं. मग त्याची चिठ्ठी मागितली. सखाबाईनं ती लुगड्याच्या ओच्यातून काढून दिली. रंजितानं संध्याकाळची गोळी खोडली, सकाळची अर्धी केली आणि माझ्याकडे न बघता खाली मराठीत लिहिलं, "तलावात उतरण्याआधी पेज पेऊन घेणे."

'पेऊन' अशुद्ध आहे. मी काही बोलले नाही.